पायरीची टाइल

मधुताईच्या पत्राला मी अजून उत्तर पाठवलं नव्हतं आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी टाइलचे तुकडे ठेवले होते. ते आधी सापडले ऋचाला, माझ्या सुनेला.

"बाबा, हे काय आहे?"

"प्रयोग," मी म्हणालो.

"बरं. मग मटारपासून जरा लांब करा." लॅपटॉपची बॅग उचलून ती निघाली. जुरोंग ईस्टहून चांगी बिझनेस पार्क म्हणजे सिंगापूर बेटाचं दुसरं टोक. सकाळी तिला चिडायलाही सवड नसते.

मधुताई माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती कॅनडात कॅल्गरीला मुलाकडे, प्रबोधकडे, असते. उठल्यावर दाराबाहेरच्या पायरीवर सडा शिंपायचा आणि ओलसर फरशीवर रांगोळी काढायची, हे तिनं तिथेही सोडलं नाही. त्या गावी हिवाळ्यातही दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. टाइलांत मुरलेलं पाणी गोठून फुगलं आणि पायरीचे पापुद्रे निघाले. पुढच्या हिवाळ्यात ताईच घसरली. मनगट मोडलं. प्रबोधनं तिला बाहेर जायला बंदी केली. ताई म्हणे, दोष टाइलचा.

फोनवरचं बोलणं घरात सगळ्यांना ऐकू जातं म्हणून तिनं पत्र लिहिलं होतं. 'मनू, तू जन्मभर टाइलांच्या कारखान्यात होतास. न फुटणारी कोणती ते लिही. तू सांगशील तीच बसवायची, असं प्रबोधला बजावलंय. आत सगळं सुनेचं आहे, आणि ती चांगलीच आहे. दाराबाहेरची पायरी तेवढी माझी.'

कारखान्यात होतो हे खरं. पण आमचा माल नाशिक-नगरच्या उन्हासाठी. प्रयोगशाळेत मी टाइला उकळल्या, तोलल्या, मोडल्या; गोठवल्या कधीच नाहीत. टाइल जितकं कमी पाणी पिते तितकी थंडीत टिकते, हे वाचलेलं होतं. वाचलेलं दुसऱ्याला सांगताना मात्र मी नेहमी चाचरतो. इथल्या दुकानात बर्फासाठी टाइल मागितली तर विक्रेता हसून इथल्या ढंगात म्हणाला, "अंकल, सिंगापूरमध्ये बर्फ फ्रीजमध्येच, लाह." त्यानं नमुन्याचे तुकडे फुकट दिले, आणि फ्रीझरची कल्पनाही त्याचीच.

भिजवायचे, गोठवायचे, बाहेर काढायचे, पुन्हा भिजवायचे. साध्या सिरॅमिकचा कोपरा लवकरच सुटला. पाणी न पिणाऱ्या खडबडीत व्हिट्रिफाइडला काही झालं नाही. मी आनंदानं कागद पुढे ओढला. मग नेहमीची शंका आली. सड्याइतकं पाणी त्या तुकड्यावर शिंपडून तो पुन्हा आत ठेवला. बाहेर काढला तेव्हा सगळा खडबडीतपणा बर्फाखाली गेला होता. बोट टेकवलं, ते सरकलं. जी टाइल पाणी पीत नाही, ती ते सगळं वरच ठेवते.

त्याच आठवड्यात प्रबोधचा फोन आला. पायरीचं काम थंडीआधी उरकायचं होतं. पायरीखाली गरम राहणारी वायर घालता येईल का, असं मी विचारलं. पण त्यांच्या रांगेतल्या घरांना तशी परवानगी नव्हती. सड्याशिवाय कोरड्या रांगोळीचं त्यानंच ताईला सुचवून पाहिलं होतं. पण वारा ती उचलून नेतो.

"मामा, सरळ लिहून टाका ना, की अशी टाइलच नसते. तुमचं ऐकेल ती."

"पण असते रे."

"मागच्या वेळी ती किती वेळ बाहेर पडून होती, ते आम्हाला अजून माहीत नाही, मामा. आम्ही झोपलो होतो."

खोटं लिहायला सांगतो म्हणून त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

ऋचा घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, तरुण माणसाला काहीतरी मार्ग सुचेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्या तुमचं खरंच ऐकतात?"

"ती एकटीच ऐकते," मी म्हणालो.

शेवटी खरं तेच लिहिलं. 'ताई, टाइल आहे. प्रकार खाली लिहिलाय, प्रबोधला दाखव. उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांग. ती फुटणार नाही. पण तिच्यावर पाणी गोठलं की उभं राहता येणार नाही. मी करून पाहिलंय. थंडीत सडा घालू नकोस.' खाली आणखी काही लिहायला हवं होतं. पहाटे उठल्यावर मग तिनं काय करायचं, ते. बराच वेळ बसलो, सुचलं नाही. 'तुझा मनू' लिहून पाकीट बंद केलं.

स्टेशनजवळच्या पेटीत पाकीट टाकलं. बाजूला सफाईवाली बाई पाइपनं फरशी धूत होती. मला पाहून तिनं पाइप दुसरीकडे वळवला आणि जायला वाट दिली. मी ओल्या फरशीवरून चालत पलीकडे गेलो. चपला थोड्या भिजल्या, एवढंच.