शेवटच्या रांगेत ऐकू येतं

राष्ट्रीय रंगमंदिराच्या रंगमंचावर कुजबुजलेला शब्द शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येतो, ही साऱ्या देशाच्या अभिमानाची बाब आहे. एसी बसवल्यापासून तो ऐकू येत नाही. अभिमान शाबूत आहे.

"ही वास्तू दोनदा जळली आणि दोनदा उभी राहिली," गाइड सांगत होता.

"वायरिंग खराब असणार," एक काका म्हणाले.

"तेव्हा वीज नव्हती, काका. मेणबत्त्या होत्या."

"तरी वायरिंगच. लिहून घ्या माझ्याकडून."

गाइड पुढं चालू लागला. त्याची उभी हयात इथला इतिहास सांगण्यात गेली होती, आणि लोकांनी त्याला मुख्यतः स्वच्छतागृह कुठंय एवढंच विचारलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. ते खरोखरच सापडत नसे.

आज घोळक्यात त्याची बायकोही होती. 'एकदा येऊन बघ तरी' असं तो लग्नापासून म्हणत होता. आज त्यानं हट्टच धरला. उद्यापासून पाहुण्यांच्या कानाला इतिहास सांगणारं यंत्र लागणार होतं आणि गाइडला घरी बसायचं होतं. हे कळून पंधरवडा झाला, पण घरी सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"इथं बरं घडाघडा बोलता," बायको जिन्यात म्हणाली. "घरी नुसतं हं आणि हूं!"

"पुढं चल. लोक खोळंबलेत."

मग त्यानं सगळ्यांना शेवटच्या रांगेत पाठवलं. "मी रंगमंचावरून हळूच एक वाक्य बोलेन. ऐकू आलं की हात वर करा."

रोज तो 'कला अमर आहे' असं कुजबुजायचा आणि रोज सगळे हात वर जायचे. देशाच्या अभिमानापुढं आपणच तेवढे बहिरे, हे कोण कबूल करणार? गाइडला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही आज तिथं उभं राहून, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या त्या एका ठिपक्याकडं बघताना त्याला वाटलं, इथून सांगणं सोपं आहे.

"अगं, मला काढलंय," तो कुजबुजला. "उद्यापासून मी घरीच."

झाडून सगळे हात वर गेले. काकांनी दोन्ही केले. बायकोचा सगळ्यात उंच होता.

"शब्दन्‌शब्द!" बाहेर पडताना काका म्हणाले. "काय पण खणखणीत!"

पायऱ्यांवर गाइडनं बायकोला गाठलं. "ऐकलंस ना?"

"ऐकलं की."

"मग? काही बोलत नाहीस?"

"काय बोलू? छान बोलता हो तुम्ही. एवढी माणसं तुमचं ऐकतात, मला काय कल्पना!" तिनं त्याच्या कॉलरवरचा धागा काढला. "बरं, उद्या डब्याला काय देऊ?"

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाला.