चाळीस वॅट

घड्याळजींनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच उजवा हात वर केला आणि हवेत दोनदा हलवला. दिवा लागला. हात खाली आला, चिमटा उचलला गेला आणि पुन्हा उघड्या घड्याळाच्या पोटात शिरला.

"बाबा, कुणाला हात करताय?"

लेक दारात उभी होती. काखेत नकाशांची गुंडाळी, हातात फाईल, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या दिवशी असायचा तोच रंग.

"तुझ्या दिव्याला. अजून आहे मी, गेलो नाही, म्हणून कळवतोय."

"सकाळी सकाळी हे काय बोलणं?"

"अगं, तोच विचारतो दर पाच मिनिटांनी. मी तरी किती वेळा सांगू?"

छताला दाराजवळ एक पांढरी डबी बसवली होती. खोलीत हालचाल दिसली की ती दिवा लावायची, नाही दिसली की घालवायची. ऊर्जा बचतीचे नवे नियम आले होते आणि ते या चार मजली इमारतीलाही लागू होते. रिकाम्या खोलीत दिवा जळायचा नाही, खिडक्यांच्या फटींतून गारवा बाहेर जायचा नाही, आणि सगळ्या इमारतीतल्या दिव्यांचे वॅट मिळून ठरलेल्या आकड्याच्या आत राहायचे. महिनाअखेरपर्यंत इमारत पास झाली नाही, तर तिला टाळं. खालची दुकानं, वरची ऑफिसं, दातांचे डॉक्टर, शिवणकामवाल्या, सगळे बाहेर. मालकांनी हे काम घड्याळजींच्या लेकीला दिलं होतं. नकाशाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच तिची एकटीची सही होती.

आता, दिव्याला हालचाल हवी आणि घड्याळजींची सगळी हालचाल बोटांच्या टोकांवर. माणूस तासन्‌तास असा बसायचा की माशीसुद्धा फसावी. डबीची काय कथा! ती दर पाच मिनिटांनी ठरवून टाकायची की खोलीत कुणी नाही.

"वर डॉक्टरांचा दिवा वीस मिनिटं थांबतो म्हणे," घड्याळजी म्हणाले. "मग माझाच पाच मिनिटांत का जातो गं?"

दोन महिने ती हा प्रश्न टाळत आली होती. कधी "बघते", कधी "सेटिंग राहिलंय". आज टाळायला जागाच उरली नव्हती, कारण अकरा वाजता तपासनीस बाई यायच्या होत्या. तिने गुंडाळी सोडली आणि तळमजल्याचा नकाशा टेबलाच्या कडेला धरला. लॉबीच्या मागे, बिनखिडकीची चौकोनी खोली. तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सामानाची खोली.

घड्याळजींनी भिंग काढलं. मग चष्मा लावला. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे अडगळ."

"अडगळ नाही हो बाबा. सामान."

"बरं. म्हणजे मी सामान."

"बाबा, ऐका ना. बसून काम करायची खोली दाखवली की टेबलावर चांगला उजेड द्यावा लागतो. तो दिला असता तर इमारतीचा आकडा चाळीस वॅटने वर जात होता. सामानाच्या खोलीला एक साधा दिवा पुरतो, आणि तो पाच मिनिटांत विझवावा लागतो. कागदावरच आहे हे. एकदा पास झालो की मी काहीतरी करते."

"चाळीस वॅट," ते म्हणाले. किती मोठी गोष्ट असते ही, असा अंदाज घेत असावेत.

त्यांना वाईट वाटलं होतं. लपवता येणाऱ्यांतले ते नव्हतेच. खालचा ओठ जरासा पुढे आला होता, लहान मुलाचा येतो तसा. पण ते उठले, खालच्या खणातून पांढरी चादर काढली आणि स्वतःच्या हाताने टेबलावर पसरली. चिमटे, तेलाच्या बाटल्या, उघडं घड्याळ, सगळं तिच्याखाली गेलं.

"खुर्चीवर पण घालू? का मला घालतेस?"

ती हसली.

"तासाभराचा प्रश्न आहे, बाबा. समोरच्या बाकावर बसा सगळ्यांबरोबर. मी बोलवते."

"जातो बाई. सामानाने फार बोलू नये."

तपासणी रिकाम्या खोल्यांतल्या दिव्यांची होती, म्हणून साडेदहालाच इमारत रिकामी झाली. भाडेकरू रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहिले. आभाळ भरून आलं होतं आणि दुपार व्हायच्या आतच संध्याकाळचा उजेड पडला होता. तपासनीस बाई वेळेवर आल्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक, पायांत कापडी बूट. लॉबीत पाऊल टाकताच त्यांनी वर पाहिलं.

सगळेच पाहत. लॉबीच्या छतात लेकीने चौदा छोटे दिवे बसवले होते, सरळ रांगेत नाही, कुणी मूठभर दाणे टाकावेत तसे. त्यांचे बारके गोल फरशीवर पडत. चौदा दिवे, प्रत्येकी दहा वॅट. इथे तिने हात आखडता घेतला नव्हता.

"छान आहेत," बाई म्हणाल्या, आणि यादीत काहीतरी टिपलं. "आता वरून सुरू करू. एक सांगते, मी खोल्यांत शिरत नाही. शिरलं की दिवे जागे होतात. दाराच्या काचेतून बघायचं आणि पुढे जायचं. आणि हळू बोलू या."

कुजबुजायची गरज खरं तर काहीच नव्हती, तरी त्या कुजबुजत होत्या, आणि दोन मिनिटांत लेकही कुजबुजू लागली.

चौथ्या मजल्याच्या लांब बोळातून त्या चालू लागल्या तसा एकेक दिवा त्यांच्या पुढे लागू लागला आणि मागे सोडलेला काही वेळाने मिटू लागला. उजेडाचा एक तुकडा त्यांच्याबरोबर चालत होता. दोन्ही बाजूंना काचेची दारं, आणि दारांपलीकडे ऑफिसं शांत झोपलेली. अर्धवट प्यायलेला चहा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं जाकीट, कुणाच्या तरी टेबलावर उघडी राहिलेली पेन्सिलची डबी. बाई प्रत्येक काचेपाशी थांबत, कपाळ टेकवत आणि आत बघत. दुसऱ्यांच्या घरात मुलं निजली आहेत ना, हे बघत फिरावं, तसं चाललं होतं.

"दिवा बंद. ठीक." यादीत खूण पडे. "पुढे."

तिसरा मजला. दुसरा. पहिला. शिवणकामवाल्यांच्या खोलीत कापडाचे तागे अंधारात आडवे पसरले होते. डॉक्टरांची खुर्ची तोंड वर करून बसली होती. कुठेच काही चुकत नव्हतं. वर्षभर डोळ्यांत तेल घालून केलेलं काम एकामागोमाग एक खरं ठरत होतं, आणि लेकीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला सारखी गुंगी आल्यासारखं होत होतं. जिना उतरताना तिला उगाचच टेबलाखालची जागा आठवली. शाळा सुटल्यावर ती बाबांच्या टेबलाखाली उशी घेऊन निजायची. वर घड्याळांची टिकटिक, शेजारी बाबांचे गुडघे, आणि टेबलाच्या फळीत जुन्या स्क्रूंची भोकं होती, त्यांतून उजेड गळून तिच्या फ्रॉकवर ठिपके पडायचे. ती मोजत मोजत झोपायची. किती ठिपके होते ते मात्र आता आठवत नव्हतं.

तळमजला. शेवटचं दार.

"सामानाची खोली," बाईंनी यादीतून वाचलं आणि काचेला कपाळ टेकवलं. "दिवा बंद. ठीक." मग त्यांनी मान तिरकी केली. "घड्याळं वाजतायत आत. बरीच."

"हो," लेक म्हणाली. "घड्याळांचंच... सामान आहे."

तिनेही काचेतून आत पाहिलं. आधी काहीच दिसलं नाही. मग पांढरी चादर दिसली. मग चादरीमागे, खुर्चीत, बाबा दिसले.

ते ताठ बसले होते. दोन्ही हात मांडीवर. हलत नव्हते. पापणीसुद्धा हलवायची नाही असं ठरवून बसलेला माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते. त्यांनी तिला पाहिलं होतं. बोळातला उजेड काचेतून थेट तिच्या तोंडावर पडत होता, न दिसायला काय झालं? आणि ते तिच्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती समोर येऊनही त्यांचा हात वर झाला नाही. ते तिच्यासाठी नसण्याचं काम करत होते, आणि चोख करत होते.

"चला," बाई म्हणाल्या. त्यांचं पेन यादीच्या शेवटच्या ओळीवर होतं. "झालं की. अभिनंदन म्हणायला हरकत नाही."

त्या लॉबीकडे वळल्या. लेकीला दोन पावलं टाकायची होती, फक्त दोन. इमारत पास, सही खरी, सगळे भाडेकरू आपापल्या जागी. ती एक पाऊल चाललीसुद्धा. मागून घड्याळं वाजत राहिली.

ती मागे फिरली, दार उघडलं, आणि आत हात घालून हवेत दोनदा हलवला.

दिवा लागला. घड्याळजींनी डोळे मिचकावले.

"अगं, काय हे," ते पुटपुटले. "इतका चांगला बसलो होतो मी."

तपासनीस बाई दारापाशी परत आल्या होत्या. त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, भिंतीवरच्या साठ-सत्तर घड्याळांकडे पाहिलं.

"हे कोण?"

"माझे बाबा," लेक म्हणाली. "घड्याळजी आहेत. सदतीस वर्षं इथेच काम करतात. ही सामानाची खोली नाही. मी तसं लिहिलं, कारण हिशेब बसत नव्हता."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

बोलताना तिचा आवाज फाटला. कुजबुजणं कधी संपलं ते तिलाही कळलं नाही.

"बाई, तिचं काही नाही त्यात," घड्याळजी उठून म्हणाले. "मला बाहेर बसायला सांगितलं होतं तिने. मीच आलो परत. एका घड्याळाची स्प्रिंग उघडी होती, केसाएवढी असते ती, आणि मी शहाण्याने वर चादर टाकली. धागा अडकला असता तर संपलंच. काचेचं झाकण घालायला आलो, तेवढ्यात वरच्या मजल्यावर तुमची पावलं वाजली. म्हटलं, बसून राहावं गुपचूप, पाच मिनिटांत दिवा जाईलच."

बाईंनी यादी पुन्हा वर घेतली. मग त्यांनी शेवटच्या ओळीवरची खूण खोडली.

"आज पास करता येणार नाही. दहा दिवसांत दुरुस्त केलेला नकाशा आणा. महिना संपायला बारा आहेत." त्यांनी यादी मिटली. "आणि हो, किती वॅट कमी पडत होते?"

"चाळीस."

बाईंनी मान हलवली. लॉबीतून जाताना त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं, या वेळी जरा जास्तच वेळ, आणि कापडी बुटांचा आवाज न करता निघून गेल्या.

लेक छताकडे बघत उभी राहिली. चौदा दिवे. तिला इतकं साधं गणित दोन महिने दिसलं नव्हतं, की दिसलं होतं आणि तिने त्याच्याकडे कानाडोळा केला होता? दुसरंच खरं होतं. तिला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

रखवालदाराच्या खोलीतून तिने शिडी आणली. घड्याळजी न सांगता शिडी धरायला आले. तिने पहिला दिवा सोडवला आणि खाली दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, घड्याळ घेत तसा, आणि हळूच फरशीवर ठेवला.

"किती काढायचे?"

"चार."

"सुंदर दिसत होते गं. मला आपल्या टेबलाखालच्या भोकांची आठवण यायची."

ती शिडीवरच थांबली. काहीतरी बोलायला गेली, पण दुसरा दिवा हातात आला होता, तो आधी खाली द्यावा लागला. मग तिसरा. बाहेर भाडेकरू रस्ता ओलांडू लागले होते. त्यांना आजचं सांगायचं होतं, मालकांना सांगायचं होतं, आणि कुणीही तिच्या पाठीवर थाप मारणार नव्हतं.

चौथा दिवा निघत नव्हता. ती त्याच्याशी झटत असताना लॉबीच्या मागचा उजेड अचानक कमी झाला. तिने वळून पाहिलं. उघड्या दारातून घड्याळजींची खोली काळीभोर दिसत होती.

"बाबा, दुकानातला दिवा गेला."

घड्याळजींनी मागे पाहिलंसुद्धा नाही. शिडी त्यांनी आणखी घट्ट धरली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "या वेळी बरोबर आहे त्याचं. मी इथे आहे."