काटकोनातला काप

बाबांनी छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि त्यातलं सगळं कसब दादाला शिकवायला घेतलं. दादाला ते नको होतं. मला हवं होतं. माझ्या वाट्याला आल्या त्या ग्रीसने माखलेल्या चिंध्या, धुऊन वाळत घालायला.

गेल्या महिन्यात मी लोखंड कापायचा एक जुना बँडसॉ विकत आणला आणि मागच्या खोलीत मांडला. बाबा दारात खुर्ची टाकून बसले. "दादा आला की लावून देईल," म्हणाले. दादा तीन वर्षांत आलेला नाही. रविवारी फोन करतो, तेवढ्यावर त्याचा भाव टिकून आहे.

दोन वर्षं मी खिडक्यांच्या जाळ्यांची कामं घेते. पाइप कापून घ्यायला दरवेळी दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं, त्याचा वीट आला होता. पण खरं सांगते, सॉ आणायचं तेवढंच कारण नव्हतं. बाबांच्या तोंडून मला एकदा, फक्त एकदा, "जमलंय" ऐकायचं होतं.

पहिला काप वरून खाली तिरका गेला. बाबा हसले. "बघ. बाईमाणसाचं काम नव्हे हे."

मी पात्याचा ताण वाढवला. पातं ज्या बेअरिंगांमधून जातं ती कागद सरकेल इतकीच फट ठेवून पुन्हा बसवली. बार पकडणारा व्हाइस सैल करून पात्याशी काटकोनात आणला. सॉचा हात आपल्याच भाराने खाली आदळत होता, त्याची स्प्रिंग घट्ट केली. यात दोन दिवस गेले, कोपर सोलवटलं आणि नऊ तुकडे भंगारात पडले.

दहावा तुकडा बाबांच्या हातात दिला. दोन इंची चौकोनी बार होता. त्यांनी कापाला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि खिडकीकडे धरून फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. तुकडा फिरवून पुन्हा पाहिलं. उजेड कुठूनच येत नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"काल रविवार होता," ते म्हणाले. "दादाने फोनवर सांगितलं ना तुला?"

"नाही बाबा. मीच केलं."

"असू दे गं. भावाला विचारण्यात कसला कमीपणा?" आणि त्यांनी दादाला फोन लावला, तोही स्पीकरवर. "शाब्बास रे! जमलंय! केसाचाही फरक नाही!"

पातं कोणत्या बाजूने चढवतात हेही दादाला आठवत नसेल. तरी म्हणाला, "त्यात काय एवढं बाबा, तुमचाच तर चेला."

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "आभार तरी मान त्याचे."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"राहू दे ना," दादा हळूच म्हणाला. "म्हातारा खूश आहे. तुला काय फरक पडतो?"

बाबा तुकडा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"थँक यू, दादा," मी म्हणाले.