शनिवारी पाडलेला खटका

सोमवारी सकाळी ममता राठोड विभागात शिरली, तर डीप फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. पीएच.डी. करणारा क्षितिज त्यातच गुडघे टेकून नळ्या मोजत होता. राळेगावकडची शेतं तुडवून आणलेल्या मातीतल्या बुरशा, बर्फात जपलेल्या; त्याची दोन वर्षांची कमाई.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ममताचा हा नववा दिवस. फुलसावंगीजवळच्या तांड्यातून एम.एस्सी.ला आलेली ही पहिलीच. म्हणजे चुका करायचा मानही पहिला हिचाच.

भिंतीवरचा मेन खटका खाली पाडलेला होता; ती त्याच्याकडेच बघत राहिली. शनिवारी ती एकटीच होती. लाईट लपलप करायला लागली. तांड्यावर असं झालं की लहानसं लेकरूही धावत जाऊन मेन खटका पाडतं, नाहीतर विहिरीवरची मोटर जळते. हिचाही हात डोक्याला न विचारताच भिंतीकडे गेला. खटका पाडला, दार ओढलं, महागावची गाडी गाठली. एवढी महागडी यंत्रं वाचवली म्हणून गाडीत जरा खूशही होती बिचारी.

"शनिवारी कुलूप तुम्हीच लावलं ना, श्रीकृष्णभाऊ?" विभागप्रमुख अनघा मॅडमनी विचारलं.

"लावलं त म्याच. पण खटका म्या कायले पाडू, मॅडम?"

"मग भुतानं पाडला?" क्षितिज ओरडला.

भाऊ कंत्राटी शिपाई. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी उगाच मान पुसली. "आता काढूनच टाकतीन मले," ते पुटपुटले.

ममता पुढे यायला निघाली आणि थबकली. प्रवेश रद्द झाला तर? तिच्या याडीनं, म्हणजे आई लालीबाईनं, घरोघर सांगून ठेवलं होतं, पोरगी आता मोठी मास्तरीण होणार. गप्प राहिले तर कोणाला कळणार? हा विचार मनात आला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"म्या पाडला, मॅडम."

"काहून वो बाई?" भाऊच आधी बोलले.

"लाईट लपलप करत होती. मले वाटलं, जळून जाईन सारं."

क्षितिज हसला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

मॅडमनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "लिही, काय काय केलंस ते."

गेला प्रवेश, ममताला वाटलं. तिनं घडलं ते तीन ओळींत लिहून खाली नाव टाकलं.

मॅडमनी वाचलं. "वेळ कुठाय?"

"जी?"

"खटका किती वाजता पाडलास?"

"चार वाजून दहा मिनिटं. साडेचारची गाडी होती."

"म्हणजे एक्केचाळीस तास." त्या क्षितिजकडे वळल्या. "यातलं काय जगलंय, कधी कळेल?"

"प्लेटांवर वाढायला लावून पाच दिवसांनी."

"लावा. एकशे बाराच्या एकशे बारा नळ्या. ही तुझ्या हाताखाली राहील. हिच्या प्रवेशाचं काय करायचं, ते जगलेल्यांचा आकडा आल्यावर बघू."

क्षितिजनं न बघताच तिच्याकडे हातमोजे फेकले. पहिली नळी ममताच्या हातात आली. आत गढूळ पाणी. जिवंत की मेलेलं, नुसतं बघून काहीच कळत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, ताठ, श्वास रोखून.

"श्वास घे," क्षितिज खेकसला. "तू पडली त नळी फुटीन."