लाल दोऱ्याचा टॉवेल

तोंड बंद ठेवण्यात घड्याळजीचा फायदाच फायदा होता. आईच्या लेखी तो गुणाचा पुतळा राहणार होता. लग्नाआधी काय काय झालं, हे कुणी उकरून काढणार नव्हतं. शिवाय घरातल्या दोन बायका एकमेकींवर धुसफुसत राहिल्या, की हा दुकानात डोळ्याला भिंग लावून निवांत बसायला मोकळा. आणि भांडवल किती लागणार? काही नाही. नुसतं गप्प बसायचं. इतका बिनखर्चाचा धंदा घड्याळजीने आयुष्यात दुसरा केला नव्हता.

बायको त्याची शिंपीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला नको त्या जागी फोड उठले, आग आग झाली. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, हर्पिस. घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला उठतं तसलं अधूनमधून. उष्णता असते." म्हणजे उष्णता याची आणि भाजून निघाली ती.

पुढे दिवस गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या घ्यायच्या. कळा सुरू होताना तिथे फोड असला, अगदी नुसती चुणचुण जरी असली, तरी लपवायचं नाही. बाळ त्या वाटेने आलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, मग पोटातून काढायचं. "तसं काही नसलं, तर बाळंतपण चारचौघींसारखं. घाबरू नका."

ती घाबरली नाही. घाबरल्या त्या सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. शेकडो पोरांची नखं तपासून झालेली, आता घरातल्यांची तपासायच्या. गोळ्यांची पट्टी त्यांच्या हाती लागली, औषधाच्या दुकानात जाऊन चौकशीही करून आल्या आणि जेवताना म्हणाल्या, "कुठून आणलंस गं हे?"

"तुमच्या मुलाला विचारा."

"त्याला कशाला विचारू? तो बघ कसा धडधाकट आहे."

धडधाकट मुलगा ताटात बघत होता. "जाऊ दे ना आई," तो म्हणाला. "या दिवसांत तिला त्रास नको."

काय हा मनाचा मोठेपणा. चोराने फिर्यादीला माफ करावं, तसा.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात दाराआड नवा खिळा ठोकला गेला. "तुझा टॉवेल यापुढे इथे. कोपऱ्याला लाल दोऱ्याची खूण कर, म्हणजे चुकून कुणी घ्यायला नको. शिवण काय, तुझ्या हातचा मळ." टॉवेलाने हे पसरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं सुनेने ऐकवलं. "तिचं काय जातंय सांगायला? तिला कुठे आमच्या घरात अंघोळ करायची आहे?" म्हणून सासूबाई मोकळ्या झाल्या. सुनेने मशीनवर बसून लाल टाके घातले. असे घट्ट घातले, की सुई मोडली. नवरा शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ चालू करत होता.

कळा सुरू झाल्या त्याच सकाळी चुणचुणही सुरू झाली. इस्पितळात पोचताच तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तयारी करायला लावली. तेवढ्यात घड्याळजीने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "आईला एवढं सांगाल का, बाळ आडवं होतं म्हणून?"

"मी बाळंतपणं करते," त्या म्हणाल्या. "गोष्टी रचत नाही."

मुलगी झाली. टाक्यांमुळे सुनेला कुशीवर वळणंसुद्धा जड. दुसऱ्या दिवशी आजीबाई आल्या. स्वच्छ धुतलेले कपडे, चापून बांधलेले केस आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरं मलम. मलमाखाली टपोरा फोड.

"पोरीला तुझ्या टॉवेलात नाही ना गुंडाळलंस?" असं विचारत त्या पापी घ्यायला वाकल्या. सुनेने हात मध्ये घातला.

"मागे व्हा, आई."

"अगं, आजी आहे मी तिची."

"ओठाला काय झालंय?"

"उष्णतेचा फोड. शाळेत होते तेव्हा दर परीक्षेला उठायचा."

"तुमच्या घरात उष्णता फार."

शेजारच्या खाटेपाशी डॉक्टरीणबाई होत्या, त्या वळल्या. "बाई, तुमचंही हर्पिसच. ओठावरचं काय, खालचं काय, एकाच कुळातलं. मोठ्यांना फारसा धोका नाही, पण तान्ह्याला त्या ओठांची पापी जिवावर बेतू शकते. फोड सुकेपर्यंत पापी नाही. आणि बाळाला हात लावायच्या आधी हात धुवा." एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "माझं आणि हिचं एक? आजीचा मुका कधी कुणाला बाधलाय?" आणि त्या पुन्हा वाकल्या. सुनेला उठता येईना. हात तेवढा तिने बाळाच्या तोंडावर आडवा धरला. खाटेच्या पायथ्याशी उभ्या नवऱ्याला ती म्हणाली, "तू बोलतोस, की मी जन्मभर असा हात धरून बसू?"

त्याने मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळात नको बघू. उशीर झालाय, ते मला माहीत आहे."

आईचं तोंड बाळापासून वीतभर राहिलं, तेव्हा तो म्हणाला, "थांब, आई. तिला माझ्यामुळे झालंय. माझं लग्नाआधीचं आहे."

सासूबाई हळूहळू सरळ झाल्या. मुलाकडे त्यांनी असं पाहिलं, जसं त्या वर्गात वाढलेल्या नखांकडे पाहत. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "घरी आलीस की तो लाल दोरा उसवून टाक."

"ज्यांनी घालायला लावला, त्यांनी उसवावा. घट्ट आहे, वेळ लागेल."

सासूबाई कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या.

आता कुणी काय भरलं ते बघा. सासूबाईंनी एक पापी, तीही बुडाली नाही, फोड सुकेपर्यंत पुढे ढकलली. घड्याळजीने दोन वाक्यं, तीही गळ्याशी आल्यावर. पोरीच्या वाट्याला काही आलं नाही, तेवढं एक बरं झालं. बाकी सगळं सुनेच्या एकटीच्या पोटावर आडवं शिवलेलं होतं. पट्टी बदलताना तिने मान उचलून पाहिलं. शिवण सुबक होती. दुसऱ्याचं काम चांगलं असलं तर ती नेहमी तोंडभर कौतुक करायची. या खेपेला केलं नाही.