सहयोगी सभासद

प्रात्यक्षिकाचा तास संपला तरी रसायनशास्त्राच्या बाईंनी अंगातला पांढरा कोट काढला नाही. हल्ली त्या तो काढतच नसत. शिपाईमामा एकदा म्हणालेसुद्धा, "बाई, आता या कोटातच घरी जाता की काय?" बाई हसल्या आणि टेबलामागेच उभ्या राहिल्या. सहावा महिना लागला होता, आणि त्या कंत्राटी होत्या.

या विद्यापीठात एक फार सभ्य रीत होती. कंत्राटी बाईला दिवस गेल्याचे दिसू लागले की विभागप्रमुख तिला बोलावत, खुर्ची देत, चहा मागवत आणि प्रेमाने म्हणत, "आता तुम्ही विश्रांती घ्या." काढून टाकले असे कुणी म्हणत नसे. बाळंतीण परत येई तेव्हा तिच्या जागी दुसरी शिकवत असे. कायम नोकरीतल्या बायकांना मात्र पगारी रजा होती. चार पुस्तके लिहिलेल्या माणसांच्या आवारात हे राजरोस चालायचे आणि कुणाच्या कपाळावर आठी पडायची नाही.

बाईंना आशा होती ती युनियनची. प्राध्यापक आणि कार्यालयातले कर्मचारी मिळून ती एकच युनियन होती, आणि तिचे सरचिटणीस म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ. ते इतिहास शिकवत. सारे विद्यापीठ त्यांना दादाच म्हणे. एका कारकुनाची आकसाने केलेली बदली त्यांनी रद्द करून घेतली होती. चौकशीत सापडलेल्या एका प्राध्यापकाच्या शेजारी ते स्वतः जाऊन बसले होते. माणूस खोटा नव्हता, म्हणून पुढचे जास्त लागते.

कंत्राटी लोक युनियनचे 'सहयोगी सभासद' होते. त्यांनी वर्गणी भरायची, सभेत मागे बसायचे, मत मात्र द्यायचे नाही. तरी संपाची वेळ आली तेव्हा दादा त्या मागच्या रांगांपाशी आले. "बाळंतपणाची रजा ही आपली पहिली मागणी," ते म्हणाले. "ती मिळाल्याशिवाय फाटकावरून कुणी हलणार नाही."

फाटकावर आधी येऊन बसले ते कंत्राटीच. कायमवाल्यांचा फार तर पगार कापला असता, यांची नोकरीच गेली असती. ग्रंथालयातली मैत्रीण बाईंना चिकटून सतरंजीवर बसायची. तीही कंत्राटी, आणि तिलाही सहावाच. "तुझा भाऊ आहे म्हणून आले हो मी," ती म्हणायची. "घरचे नकोच म्हणत होते."

संप मिटला. रविवारी बाई माहेरी जेवायला गेल्या. दादा खुशीत होते, वहिनी वाढत होत्या.

"काय काय मिळालं?" बाईंनी विचारले.

"अडकलेल्या सगळ्या बढत्या मिळाल्या. चौकशीत युनियनचा माणूस बसणार, हेही कबूल केलं त्यांनी."

"आणि रजा?"

दादांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी भाताच्या भांड्यात पाहू लागल्या.

"ती पुढच्या खेपेला. ते म्हणाले, एक काहीतरी सोडा. टेबलाशी बसलं की सोडावं लागतं गं."

"पहिली मागणी होती ना ती?"

"अगं, ऐक तर. तुझं मी करून घेतलंय. कुलसचिवांनी शब्द दिलाय. खास बाब म्हणून तुला पगारी रजा देतील आणि परतही घेतील. फक्त कुठे बोलू नकोस."

"आणि ग्रंथालयातली?"

"सगळ्यांचं मी कुठून करू?"

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या रजेसाठी त्या मैत्रिणीला उन्हात घेऊन बसल्या होत्या, तीच रजा तिच्या पाठीमागे त्यांच्या एकटीच्या पदरात टाकली होती. सख्ख्या भावाने प्रेमाने केसाने गळा कापला होता, आणि कापताना या दोघींपैकी एकीलाही विचारले नव्हते.

"घे गं मुकाट्यानं," आई म्हणाली. "पोटातल्याचा तरी विचार कर."

"तोच करतेय, आई. मला नको ती रजा."

"नोकरी जाईल तुझी," दादा म्हणाले.

"जाईल."

तडजोड मंजूर करायला सभा भरली. दादांनी सगळी कलमे वाचून दाखवली. "बाजूनं?" पुढच्या रांगांतले हात वर गेले. "विरोधात?"

अगदी मागे बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. मग मैत्रिणीने केला, मग मागच्या रांगांतल्या बऱ्याच जणांनी.

"सहयोगींना मत नाही," पुढून कुणीतरी आठवण करून दिली.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मला खास रजा देऊ केलीय, माझ्या शेजारणीला नाही. बसलो होतो दोघी एकाच सतरंजीवर. मी ती घेणार नाही, एवढंच सांगायचं होतं."

सभागृहात चुळबुळ झाली. काहींनी चष्मे पुसायला घेतले. कुणी उठले नाही, कुणी बढती परत केली नाही. दादांनी मागच्या हातांकडे पाहिले, नीट पाहिले, आणि जाहीर केले, "ठराव एकमतानं मंजूर."

पुढच्याच आठवड्यात दोघींना आपापल्या प्रमुखांनी बोलावले, खुर्ची दिली आणि चहा मागवला.

त्या संध्याकाळी दादा बहिणीच्या दारात आले. बाहेरच्या खोलीत मैत्रीण बसली होती, आणि कंत्राटी लोक दाटीवाटीने. काही तर जिन्याच्या पायऱ्यांवरही होते. दादांना आत यायला वाट मिळेना.

"घरी ये," ते उंबऱ्यातूनच हळू आवाजात म्हणाले. "आपण दोघं बसून बोलू. भाऊ आहे मी तुझा."

"आईला भेटायला येईन, दादा," बाई म्हणाल्या. "तुझ्याशी बोलायला मात्र आता मला युनियन लागते."