चारशे वर्षांची कबर

तुंपाल माझ्या पोटचा, पण त्याच्या थापा ऐकून ऐकून मी थकले. सकाळची होडी तळ्यातल्या आमच्या समोसिर बेटाला लागली, की हा फिरायला आलेले पाहुणे गोळा करतो. तोबाचं तळं ज्वालामुखी फुटून झालं, एवढं खरं आधी सांगतो, आणि मग त्यांना आमच्या दगडी कबरीपुढे उभं करतो. "चारशे वर्षांपूर्वीचा राजा!" म्हणतो. राजा कसला? आत याचा बाप आहे, मारोलोप. बारा वर्षांपूर्वी आमच्या रीतीप्रमाणे त्याची पुरलेली हाडं काढून, धुऊन मीच आत ठेवली. बांधायची वाळूही माझ्याच डोक्यावरून आली.

आज बघते, तर कबरीवरचं नाव खरवडलेलं आणि वर शेवाळ थापलेलं.

मी भाताची पाटी खाली ठेवली. "नाव कुठंय रे?"

"आई, नाव दिसलं की लोक फोटो काढत नाहीत. जुनं वाटायला पाहिजे गं. घर त्यावरच चालतंय ना?"

भांडायचं त्राण नव्हतं. आमच्यात ज्याला बापापासून वरच्या पिढ्या मोजता येत नाहीत, त्याला कुणी पाटावर बसवत नाही. आणि उद्या मलाही याच कबरीत जायचंय. कुठल्या परक्या राजाशेजारी मी काय म्हणून झोपू?

"तुंपाल," मी पाहुण्यांसमोरच म्हटलं, "तुझा बाप चारशे वर्षांपूर्वी मेला, तर तू कुणाचा, तेही सांग यांना. सांगता येत नसेल, तर छिन्नी घे आणि त्याचं नाव पुन्हा कोर. खाली माझ्या नावाला जागा सोड."